टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे पुनरुज्जीवन : म्हैसूरच्या जावा-येझ्दीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

भारतीय उद्योगाचा इतिहास प्रामुख्याने कारखाने, भांडवल आणि शासकीय धोरण यांच्या आधारे लिहिला गेला आहे. कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू पुढे कोणी वापरली, कोणी दुरुस्त केली आणि कोणत्या ज्ञानाच्या बळावर टिकवली, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. म्हैसूर येथे तयार झालेल्या जावा आणि येझ्दी या टू-स्ट्रोक मोटारसायकली या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उपयुक्त उदाहरण ठरतात. कारखाना बंद होऊन तीन दशके होत आली, तरीही ही वाहने आज रस्त्यावर दिसतात. ती कशी टिकली आणि 'जतन' या संकल्पनेला त्यातून कोणता अर्थ मिळतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

फ्रान्टिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात मोटारसायकल निर्मितीस आरंभ केला. 'यानेचेक' आणि 'वाँडरर' या जर्मन कंपनीचे नाव यांतील आद्याक्षरांवरून 'जावा' हे नाव सिद्ध झाले. स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर निर्बंध आल्यावर परदेशी वाहनांची देशांतर्गत निर्मिती करण्याचे प्रयत्न सुरू झाले. याच प्रक्रियेत रुस्तम व फारुख इराणी यांनी 'आयडियल जावा' ही कंपनी स्थापन केली आणि १९६१ पासून म्हैसूरच्या यादवगिरी भागातील कारखान्यात उत्पादन सुरू झाले. १९७० च्या दशकात हेच वाहन 'येझ्दी' या नावाने विकले जाऊ लागले.

१९८० च्या दशकात परिस्थिती पालटली. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक वाहनाने इंधन बचतीचा नवा मापदंड निर्माण केला. त्याच वर्षी आलेली यामाहा आरएक्स १०० टू-स्ट्रोकच असली तरी वजनाने हलकी आणि चपळ होती. जुन्या रचनेची येझ्दी या दुहेरी स्पर्धेत मागे पडली. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला आणि कंपनी पुढे अवसायनात गेली. १९९६ व २००० मधील कडक उत्सर्जन निकषांमुळे टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा एकूण मार्गच अरुंद होत गेला.

यंत्ररचना आणि वापराचे ज्ञान

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा ज्वलन होते. फोर-स्ट्रोकप्रमाणे त्यात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रे पिस्टनच उघडतो आणि मिटतो. सुट्या भागांची संख्या कमी असल्याने हे इंजिन लहान गॅरेजमध्येही उघडता येते. मात्र ताज्या मिश्रणाचा काही अंश न जळताच बाहेर पडतो आणि ऑइलही जळते. धूर आणि वाढीव इंधनखर्च यांचे मूळ या रचनेत आहे.

जावाच्या २५० सीसी वाहनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. त्यामुळे चालवण्याची एक स्वतंत्र शिस्त निर्माण झाली. घाटातील दीर्घ उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवल्यास इंजिनाला पेट्रोलबरोबर ऑइलही कमी मिळते. म्हणून जाणकार चालक मधूनमधून थ्रॉटल किंचित उघडतो. डाव्या बाजूच्या एकाच दांड्याने किक मारणे आणि गिअर बदलणे, ही सवयही अशीच हाताबरोबर पायाने आत्मसात करावी लागे. हे ज्ञान पुस्तकापेक्षा सहवासातून पुढे गेले.

पुनरुज्जीवनातील पेच

जुन्या इंजिनाच्या दुरुस्तीत क्रँककेसची सील बदलणे महत्त्वाचे असते. मिश्रणाचा प्राथमिक दाब क्रँककेसमध्येच निर्माण होत असल्याने सील गळके झाले की इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जाम होण्याचा धोका वाढतो. झिजलेला सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवणे, सायलेन्सरमधील काजळी काढणे ही कामेही आवश्यक ठरतात. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढल्यापासून जुन्या रबरी भागांचा प्रश्नही तीव्र झाला आहे.

येथे इतिहासाच्या दृष्टीने मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. नवे क्रोम, नवा रंग आणि नवे सुटे भाग यांनी वाहन कारखान्यातून आल्यासारखे दिसते. पण चाळीस वर्षांच्या वापराच्या खुणा पुसल्या जातात. स्थानिक मिस्त्रीने घडवलेला पर्यायी भाग 'अस्सल नाही' म्हणून काढला जातो. वास्तविक तोच भाग टंचाईच्या काळाचा पुरावा असतो. उलटपक्षी, काहीच न बदलल्यास यंत्र बंद पडते आणि त्याच्याशी निगडित कौशल्यही लोप पावते.

शासनाच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांना 'विंटेज' म्हणून नोंदणी मिळते. मात्र त्यांचा नियमित वापर करता येत नाही. म्हणजेच १९६० च्या दशकातील जावा या व्याख्येत बसू शकते, पण १९८५ नंतरची आरएक्स १०० अद्याप बसत नाही. प्रदूषणाचा विचार करता वापरावरील मर्यादा समर्थनीय आहे. तथापि नियमाचा भर वस्तूवर आहे. ती चालती ठेवणाऱ्या माणसांच्या ज्ञानाला त्यात स्थान नाही.

निष्कर्ष

२०१८ मध्ये जावा हे नाव आणि २०२२ मध्ये येझ्दी हे नाव बाजारात परतले. परंतु नव्या वाहनांत फोर-स्ट्रोक इंजिने आहेत. नाव टिकले, तंत्र टिकले नाही. ते तंत्र आज जुन्या वाहनांत आणि वयोवृद्ध मिस्त्रींच्या हातांत शिल्लक आहे. म्हणून प्रत्येक पुनरुज्जीवनापूर्वी वाहनाची छायाचित्रे घेणे, काढलेले भाग जपणे आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. निवृत्त कामगार व मिस्त्री यांच्या मुलाखतींचे संकलन महाविद्यालयीन इतिहास विभागांना अल्प खर्चात करता येईल. वाहन पुन्हा रंगवता येते. ते दुरुस्त करणारा माणूस गेल्यावर त्याची साक्ष मात्र परत मिळवता येत नाही.