मालिका संपल्यानंतरचे पुस्तक

संपली म्हणून जाहीर केलेली फँटसी मालिका काही वर्षांनी पुन्हा उघडण्याची प्रथा इंग्रजी बालसाहित्यात शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचे पहिले ठळक उदाहरण अमेरिकन लेखक एल. फ्रँक बॉम यांच्या ‘ओझ’ मालिकेत सापडते. ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ’ १९०० मध्ये निघाले. पुढची पुस्तके वाचकमुलांच्या आग्रहावर लिहिली गेली. सहाव्या पुस्तकात, म्हणजे ‘द एमराल्ड सिटी ऑफ ओझ’ (१९१०) मध्ये, बॉमनी ओझचा सगळा देश मंत्राने अदृश्य करून टाकला आणि यापुढे तिकडची बातमी येणार नाही, असे सांगून मालिका मिटवली. पुढच्याच वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. इतर पुस्तकांना ओझइतके गिऱ्हाईक नव्हते. अखेर १९१३ मध्ये बिनतारी संदेशयंत्राने त्या देशाशी पुन्हा संपर्क झाल्याची युक्ती योजून ते परतले आणि तेव्हापासून वर्षाला एक पुस्तक येत राहिले. १९१९ मध्ये बॉम वारले. चौदावे पुस्तक त्यांच्यामागे निघाले आणि १९२१ पासून प्रकाशकाने रूथ प्लमली थॉम्प्सन यांच्याकडून मालिका पुढे लिहून घेतली.

या पुनरागमनात ओझ मात्र होता तसाच राहिला. नवी पात्रे आली, नवे प्रवास झाले. पण त्या राज्याचा कारभार न्याय्य आहे का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारला जाण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एक म्हणजे १९६०च्या दशकात किशोरवयीन वाचकांसाठी वेगळे, गंभीर लेखन सुरू झाले. दुसरी म्हणजे त्याच सुमारास डिस्टोपियन कथा, म्हणजे माणसाला चिरडणाऱ्या राज्यव्यवस्थेची कथा, प्रौढांच्या कपाटातून या वाचकांच्या हाती आली. जॉन ख्रिस्तोफर यांची ‘ट्रायपॉड्स’ ही त्रयी (१९६७-६८) या लेखनाच्या सुरुवातीच्या मालिकांपैकी एक. तिच्यात तीन पायांची अजस्र यंत्रे पृथ्वीवर राज्य करतात आणि वयात येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर धातूची जाळी बसवून त्याची बंडाची इच्छाच मारून टाकतात. रणगाडे आणि विमाने असलेल्या माणसांना या यंत्रांनी जिंकले कसे, याचे उत्तर त्रयीत नव्हते. ख्रिस्तोफर यांनी ते वीस वर्षांनी, १९८८ च्या पूर्वकथेत दिले. यंत्रांनी आधी एका टीव्ही कार्यक्रमाच्या भजनी लावून लोकांची मने ताब्यात घेतली होती. त्यामुळे पुष्कळांनी डोक्यावरची जाळी आपखुशीने चढवून घेतली. मूळ त्रयीत शत्रू बाहेरून आलेला वाटतो. पूर्वकथेने पराभवाचा मोठा वाटा माणसांच्याच पदरात टाकला.

या प्रथेला खरी खोली आली ती उर्सुला ल ग्विन यांच्या ‘अर्थसी’मुळे. समुद्रात विखुरलेल्या शेकडो बेटांचे हे जग त्यांनी १९६४ च्या दोन लघुकथांत प्रथम रेखाटले होते. कॅलिफोर्नियातील पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनाच्या मागणीवरून ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ लिहिले गेले आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ १९७१ मध्ये आणि ‘द फार्देस्ट शोअर’ १९७२ मध्ये आले. तिसऱ्या पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. नायक गेड तांबूस-सावळ्या वर्णाचा आहे आणि गोरे लोक या जगात परके, लुटारू म्हणून येतात. त्या काळच्या इंग्रजी फँटसीत हे धाडसच होते. तिसऱ्या पुस्तकात जगातून जादू आटत जाते: मांत्रिक आपली विद्या विसरतात, रेशीम रंगवणाऱ्या बेटावरच्या कारागिरांची कला हरवते, बंदरांत गुलामांचा बाजार भरतो. गेड आपली सगळी शक्ती खर्चून हा ऱ्हास थांबवतो, रिकाम्या सिंहासनावर राजा बसतो आणि त्रयी पूर्ण होते.

तरीही एक जागा कच्ची राहिली होती. रोक बेटावरील मंत्रविद्येच्या शाळेत फक्त मुलगे शिकत. बायकांची जादू हलकी आणि खोटी, हा बेटांवरचा समज पहिल्या पुस्तकाने जणू निसर्गनियम असल्यासारखा मांडला होता. ल ग्विन या गोष्टीकडे परतल्या त्या तब्बल अठरा वर्षांनी, ‘टेहानू’ (१९९०) घेऊन. दुसऱ्या पुस्तकातली पुजारीण टेनार आता गॉन्ट बेटावरच्या एका शेतकऱ्याची विधवा आहे. तिच्याकडे एक लहान मुलगी येते. स्वतःच्याच माणसांनी अत्याचार करून आगीत लोटलेले हे पोर अर्धे जळालेले आहे. गेड परततो, पण शक्ती गमावलेला, लपून राहणारा साधा माणूस म्हणून. राजा गादीवर आहे खरा, पण त्याचा न्याय या डोंगराळ बेटापर्यंत पोचलेला नाही. टेनारने वर्षानुवर्षे कसलेले शेत मुलगा घरी येताच त्याचे होते. तिचा त्यावर काही हक्क राहत नाही. जमीनदाराच्या पदरी असलेला मांत्रिक तिला मंत्राने जनावरासारखे फरफटवतो. ‘टेहानू’त कोणतेही नवे संकट बाहेरून आलेले नाही. जग तेच आहे. या वेळी ते चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नजरेने पाहिले आहे. मालिकेतले हे सर्वांत धीट पुस्तक म्हणायला हवे.

पुस्तकाला नेब्युला पुरस्कार मिळाला, तसा रोषही वाट्याला आला. गेडचा पराक्रम पुसून टाकला, असे अनेक जुन्या वाचकांना वाटले. ल ग्विन यांनी १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात आपली भूमिका मांडली: वीरकथेची परंपरा पुरुषांनी घडवलेली आहे, त्रयी लिहिताना आपणही तिच्याच चाकोरीत होतो आणि ‘टेहानू’ हे त्या चाकोरीबाहेर पाहणे आहे. त्यांनी जुनी पुस्तके बदलली नाहीत की त्यातली एकही घटना खोटी ठरवली नाही. त्याच घटनांची किंमत कोणी मोजली, एवढेच दाखवले. वाचकाशी इतकी प्रामाणिक राहणारी दुसरी पद्धत सापडणे कठीण.

‘टेहानू’च्या मुखपृष्ठावर हे अर्थसीचे शेवटचे पुस्तक असल्याचे छापले होते, ते खरे ठरले नाही. २००१ मध्ये ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ आणि ‘द अदर विंड’ अशी दोन पुस्तके आली. पहिल्यातील ‘द फाइंडर’ ही दीर्घकथा तीनशे वर्षे मागे जाते. त्या काळात लुटारू सरदार राज्य करतात, मांत्रिकांना गुलाम करून राबवतात, पाऱ्याच्या खाणीत स्त्रिया विषारी वाफांनी मरतात. या जुलमाविरुद्ध गुप्तपणे एकत्र आलेल्या लोकांनी रोकची शाळा उभारली आणि त्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या. दार त्यांना पुढे बंद करण्यात आले. पहिल्या पुस्तकात निसर्गनियम भासलेली गोष्ट अशा रीतीने इतिहासातला एक निर्णय ठरली. ‘द अदर विंड’ला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. ल ग्विन यांचे जानेवारी २०१८ मध्ये निधन झाले आणि गेडच्या अखेरच्या दिवसांची ‘फायरलाइट’ ही कथा त्याच वर्षी छापली गेली.

‘टेहानू’नंतर हा मार्ग रुळला. लोइस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’ (१९९३) मध्ये मुलांना जन्म देणे हे नेमून दिलेले काम असते आणि ते करणाऱ्या मुली कथेत जवळजवळ दिसतच नाहीत. चौथ्या पुस्तकाची, ‘सन’ (२०१२) ची, नायिका अशीच एक चौदा वर्षांची आई आहे. फिलिप पुलमन यांनी ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही त्रयी २००० मध्ये संपवली आणि २०१७ मध्ये ‘ला बेल सॉवाज’ने ते तिच्याकडे वळले. तिथे शाळकरी मुलांना बिल्ले वाटून आईबाप आणि शिक्षकांच्या चहाड्या करायला शिकवले जाते. धर्मसत्तेचा जाच मूळ त्रयीपेक्षा घराच्या जवळ आलेला दिसतो.

सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ त्रयी (२००८-१०) मुळातच डिस्टोपियन. तिच्यात दरवर्षी मुलांना एकमेकांशी मरेपर्यंत लढायला लावून तो खेळ टीव्हीवर दाखवतात. दहा वर्षांनी आलेल्या ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ (२०२०) मध्ये कॉलिन्सनी नायकाची जागा भावी हुकूमशहा कोरिओलेनस स्नो याला दिली. तो अठरा वर्षांचा, घरची श्रीमंती गेलेला, उपाशी विद्यार्थी आहे. खेळ अजून ओबडधोबड आणि लोकांना कंटाळवाणा आहे. त्यात पैजा, प्रेक्षकांनी पाठवलेल्या भेटवस्तू आणि तमाशा कसा शिरत गेला, हे टप्प्याटप्प्याने दिसते. माणसाला मोकळे सोडले तर तो मुळात कसा वागतो, हा हॉब्ज, लॉक आणि रूसो यांचा वाद कादंबरीच्या मुळाशी आहे. स्नो प्रत्येक वळणावर सोयीचे उत्तर निवडत जातो, आणि वाचकाला त्याची बाजू समजते हीच या पुस्तकाची खरी धार. ‘सनराइज ऑन द रीपिंग’ (२०२५) मध्ये पन्नासाव्या खेळाची हकीकत आहे. मूळ त्रयीत ती थोडक्यात येऊन गेली होती. इथे तिचे सरकारी चित्रीकरण कसे कापून-जोडून बनवले आणि हेमिच या मुलाचे बंड पडद्यावरून कसे नाहीसे केले, ते कळते.