पूर्व, पश्चिम की दक्षिण? : कॅरिबियन सागरी सहलीचा इतिहास

माझ्या धाकट्या बहिणीचे कुटुंब न्यू जर्सीत राहते. २०२३ च्या नोव्हेंबरात तिने फोनवर विचारले, "दादा, मुलांना घेऊन पहिल्यांदाच क्रूझवर जायचं म्हणतोय, कॅरिबियनच्या. पूर्वेची घेऊ, पश्चिमेची की दक्षिणेची?" मराठी शिकवणाऱ्या माणसाला विचारण्याचा हा प्रश्न नव्हे, हे तिलाही ठाऊक होते. भाडे, खोल्या, मुलांसाठीचे तलाव हे सारे तिने आधीच पाहून ठेवले होते. कोणीतरी 'अमुक घे' असे म्हणावे, एवढीच तिची अपेक्षा असावी. मला मात्र उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचाच विस्तार आहे.

आधी त्या तीन दिशांविषयी. सर्वसाधारणपणे सात रात्रींची सहल फ्लोरिडातील एखाद्या बंदरातून निघते. पूर्वेच्या वाटेवर बहामातील नासाऊ, प्वेर्तो रिकोतील सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन ही ठिकाणे लागतात. पश्चिमेच्या वाटेवर मेक्सिकोचे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका. आणि दक्षिणेच्या वाटेवर बार्बाडोस, सेंट लुशिया, कुरासाव, अरुबा. दक्षिणेची बेटे फ्लोरिडापासून दूर असल्याने त्या सहली पुष्कळदा सान हुआन किंवा ब्रिजटाऊनहूनच सुरू होतात. माहितीपत्रकात या वाटांमधला फरक समुद्रावर किती दिवस आणि किनाऱ्यावर किती, अशा हिशेबाने मांडलेला असतो. तो हिशेब खोटा नाही. परंतु यांतले बहुतेक थांबे पर्यटकांसाठी वसलेले नाहीत. साखर, गुलाम आणि केळी यांच्या व्यापाराने ही बंदरे घडवली, आणि त्या व्यापाराच्या वाटांवरच आजची सहल चालते.

पर्यटक या समुद्रात आला तो फळांच्या मागोमाग. १८७० मध्ये लोरेन्झो डाऊ बेकर या अमेरिकी कप्तानाने जमैकातून केळ्यांचे घड नेऊन जर्सी सिटीत विकले आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाली. उन्हाने फळ तापू नये म्हणून तिची जहाजे पांढऱ्या रंगाने रंगवलेली असत. याच जहाजांतून हौशी प्रवासी हिवाळ्यात उबदार बेटांकडे जाऊ लागले. बेकरने जमैकातील पोर्ट अँटोनियो येथे हॉटेलही चालवले. त्या काळी जहाजाचा मुख्य उतारू केळे होते आणि माणूस दुय्यम होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. केवळ सहलींसाठी बांधलेले पहिले जहाज म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते जर्मन कंपनीचे 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ' १९०० मध्ये समुद्रात उतरले. डिसेंबर १९०६ मध्ये तेही जमैकाच्याच किनाऱ्याला लागून फुटले. प्रवासी वाचले, कप्तानाने मात्र आत्महत्या केली.

पुढे १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात अमेरिकी माणूस हवाना आणि नासाऊकडे वळला. कारण उघड होते. १९५८ पासून जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासी वाहून नेणाऱ्या मोठ्या जहाजांचे काम संपत आले. मग त्या जहाजांचे करायचे काय, या प्रश्नातून आधुनिक क्रूझचा जन्म झाला. डिसेंबर १९६६ मध्ये टेड ॲरिसन आणि क्नुट क्लोस्टर यांनी 'सनवर्ड' हे जहाज मायामीहून बहामाच्या नियमित फेरीवर सोडले. १९७२ मध्ये ॲरिसनने कार्निव्हल ही कंपनी काढली, ती एका जुन्या अटलांटिक जहाजालाच नवे नाव देऊन. ते पहिल्याच फेरीत मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतले, तरी धंदा रुतला नाही.

या वाढीला एका जुन्या कायद्याने आकार दिला आहे. १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेता येत नाहीत. निघाल्या बंदरी परतायचे असले तरी वाटेत निदान एका परदेशी बंदराला लागावेच लागते. आजची मोठी जहाजे बहुतांशी बहामा, पनामा अशा देशांत नोंदवलेली असतात. त्यामुळे तीन-चार दिवसांच्या छोट्या सहलीतही नासाऊ किंवा कोझुमेल येतेच. काही वेळा बेट कार्यक्रमात असते, ते कोणाला पाहायचे आहे म्हणून नव्हे, तर कायद्याला हवे आहे म्हणून.

त्यापुढची पायरी खासगी बेटांची. १९७७ पासून एका कंपनीने बहामातील एक लहानसे बेट केवळ आपल्या उतारूंसाठी वापरायला घेतले. १९८६ पासून रॉयल कॅरिबियनने हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरील लाबादी ही जागा भाड्याने घेतली; तिच्याभोवती कुंपण आहे. जानेवारी २०१० च्या भूकंपाने हैतीची राजधानी उद्ध्वस्त झाली, त्यानंतर काही दिवसांतच कंपनीचे जहाज तिथे लागले. जहाजाने मदतीचे सामान आणले होते, आणि उतारू वाळूवर ऊनही खात होते. ते योग्य होते की अयोग्य, यावर तेव्हा बराच वाद झाला. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' अधिकाधिक ७,६०० उतारू नेऊ शकते. एवढे गाव सोबत घेऊन फिरणाऱ्या जहाजाला बेटाची गरज ती कितीशी? केळ्यांच्या काळात बेट हे जहाजाचे कारण होते. दीडशे वर्षांत ते निमित्तापुरते उरले आहे.

आता तीन वाटांवरची तीन बंदरे पाहू.

पूर्वेच्या वाटेवरील सेंट थॉमस बेटाची राजधानी शार्लट अमाली. हे नाव डेन्मार्कच्या राणीचे. डेन्मार्कने हे बेट गुलाम आणि साखर यांच्या व्यापारासाठी वसवले आणि १९१७ मध्ये अडीच कोटी डॉलरना अमेरिकेला विकले. चित्रकार कामी पिसारो याचा जन्म १८३० मध्ये याच गावी झाला. आज गावातला मुख्य रस्ता दागिने आणि घड्याळांच्या दुकानांनी भरलेला आहे. त्यांतली पुष्कळ दुकाने ज्या जाड भिंतींच्या इमारतींत आहेत, ती जुन्या डॅनिश व्यापाऱ्यांची गोदामे होत.

पश्चिमेच्या वाटेवर जमैकातील फॅलमथ. १७६९ मध्ये आखलेले हे गाव एकेकाळी साखर पाठवण्याचे गजबजलेले बंदर होते. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी कायद्याने संपली. परंतु 'उमेदवारी'च्या नावाखाली वेठ चालूच राहिली, ती १८३८ मध्ये सुटली. मालकांना नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मिळाले. राबलेल्यांना काहीच नाही. ३१ जुलै १८३८ च्या मध्यरात्री फॅलमथमध्ये विल्यम निब या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या उपस्थितीत मुक्त झालेल्या लोकांनी एक शवपेटी पुरली. तिच्यात साखळी, चाबूक आणि लोखंडी गळपट्टा होता. २०११ मध्ये याच गावी मोठ्या पर्यटन-जहाजांसाठी नवा धक्का सुरू झाला. धक्क्याच्या आवारातच दुकाने आहेत. फाटकाबाहेर गाव आहे, आणि निबच्या नावाचे चर्च तिथून चालत जाण्याइतके जवळ आहे.

दक्षिणेच्या वाटेवर सेंट लुशियाची राजधानी कॅस्ट्रीज. डेरेक वॉलकॉट १९३० मध्ये इथे जन्मला. त्याला १९९२ चे साहित्याचे नोबेल मिळाले आणि पुढच्या वर्षी गावातील कोलंबस चौकाला त्याचे नाव देण्यात आले. एका दर्यावर्दीचे नाव जाऊन कवीचे नाव यावे, ही घटना साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम टिपून ठेवावी. त्याचे नोबेल व्याख्यान आपल्याला अधिक जवळचे आहे. त्याची सुरुवात त्रिनिदादमधील फेलिसिटी नावाच्या खेड्यातील रामलीलेने होते. आपण तिथे हरवलेल्या भारताचा शोक शोधत होतो, गावकऱ्यांजवळ मात्र श्रद्धा आणि आनंद होता, ही स्वतःची चूक तो त्यात कबूल करतो. त्याच व्याख्यानात पर्यटनाच्या जाहिरातीतल्या निळ्या, रिकाम्या कॅरिबियनविषयीची त्याची चीडही आहे.

ही रामलीला तिथे पोचली कशी? गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय गेले. ते मुख्यत्वे उत्तरेकडचे, भोजपुरी-अवधी बोलणारे, आणि काही मद्रासकडचे. मराठी माणसाचा या इतिहासाशी संबंध येतो तो वेगळ्या मार्गाने. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात गिरमिटाची पद्धतच बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला. परंतु पाचच वर्षांत ही भरती थांबली. तिचा शेवट पाहायला गोखले हयात नव्हते.

दुसरा मार्ग जहाजाच्या पोटातून जातो. आज या जहाजांवर वाढपी, आचारी, खोल्या आवरणारे म्हणून फिलिपाईन्स, इंडोनेशिया आणि भारत या देशांतील माणसे मोठ्या संख्येने असतात, आणि भारतीयांत गोव्याची व मुंबईची माणसे ठळकपणे दिसतात. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणण्याची रीत जुनी आहे. २०२० च्या साथीत उतारू घरी गेले, पण हे कर्मचारी कित्येक आठवडे जहाजांवर अडकून पडले होते. म्हणजे वरच्या डेकवर न्यू जर्सीचे मराठी कुटुंब, खालच्या स्वयंपाकघरात मडगावचा आचारी आणि त्रिनिदादच्या किनाऱ्यावर गिरमिटियाचा पणतू, अशी तीन प्रकारची भारतीय माणसे या एकाच समुद्रात असतात. जमैका किंकेड ही लेखिका, नाव जमैका असले तरी, अँटिगाची. तिने 'अ स्मॉल प्लेस' (१९८८) या छोट्या पुस्तकात पर्यटकाला थेट 'तू' म्हणून संबोधले आहे. पर्यटक होणे कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हा त्या पुस्तकाचा गाभा. ते वर्गात वाचताना आपण सहजच बेटावरच्या माणसाच्या बाजूला उभे राहतो. आता आपल्याच घरातले कोणी तिकीट काढत असताना तो 'तू' आपल्यालाही लागू होतो.

यावर रास्त आक्षेप असा, की आठवडाभराच्या सुट्टीवर आणि दहा वर्षांच्या मुलावर हे ओझे कशाला? बहिणीनेही तेच म्हटले. सहल टाळणे हे उत्तर नाही, हे मलाही मान्य आहे. मार्च २०२० मध्ये जहाजे थांबली तेव्हा बेटांवरच्या टॅक्सीवाल्यांचे आणि विक्रेत्यांचे उत्पन्नही थांबले. म्हणून मी तिला जे कळवले ते साधे होते. पुरेशी रजा असेल तर दक्षिणेची वाट घे. तिथे समुद्रावरचे दिवस कमी आणि वस्तीची गावे जास्त. रजा एकाच आठवड्याची असेल तर पश्चिमेची घे, पण जिच्यात फॅलमथ आहे अशी पाहून घे. निदान पहिल्या सहलीत तरी खासगी बेटालाच मुख्य थांबा मानू नको. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ टाळ. त्या वादळांसाठीचा 'हरिकेन' हा शब्ददेखील याच बेटांवरच्या ताइनो लोकांचा आहे. आणि कुठेही उतरलात तरी फाटकाबाहेर तासभर चाला.

तिने पश्चिमेची सहल घेतली. एप्रिल २०२४ मध्ये ते जाऊन आले. मुलांना सर्वांत आवडली ती जहाजावरची घसरगुंडी, आणि त्यात गैर काही नाही. फॅलमथमध्ये ते निबच्या चर्चपर्यंत चालत गेले, तिथे रस्त्यावर शहाळी प्याले आणि उन्हाने दमून परतले. पुरलेल्या शवपेटीची गोष्ट धाकट्याने नीट ऐकली की नाही, हे तिला सांगता येईना.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा वादळाने जमैकाच्या पश्चिम भागाची वाताहत केली. त्या रात्री बहिणीचा फोन आला. बातम्या पाहताना धाकटा विचारत होता, की ती शहाळी विकणारी बाई फॅलमथमध्येच राहते का, आणि तिचे घर कसले आहे. बहिणीला उत्तर माहीत नव्हते, मलाही नाही.