मॉरिस मायनरचा बदललेला डिफरन्शियल

* १०९८ सीसी मॉरिस मायनरच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.२२ आहे, म्हणजे मागच्या चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला ४.२२ फेरे घ्यावे लागतात. त्याजागी एमजी मिजेटचा ३.९चा संच बसवला, की त्याच वेगाला इंजिन सुमारे साडेसात टक्के सावकाश फिरते आणि लांबच्या प्रवासात कानांना व बेअरिंगांना तेवढाच विसावा मिळतो. चढावर गाडी दमेल हा आक्षेप खरा आहे, कारण पहिल्यासकट सगळेच गिअर लांबतात, म्हणूनच ३.७पर्यंत न जाता ३.९वर थांबणे मला शहाणपणाचे वाटते. ९४८ सीसीच्या जुन्या इंजिनावर मात्र एवढाही भार टाकू नये. शिवाय स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असल्याने या बदलानंतर तो खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. त्याचे कॅलिब्रेशन करून घ्यावेच.