जेसन व्हेरेट: दुखापती, नवा संघ आणि १३ सामने

अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅक म्हणजे चेंडू झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला चिकटून राहणारा बचावपटू. उलट पावली धावता धावता क्षणात वळायचं, त्यामुळे सगळा ताण गुडघ्यावर आणि टाचेवर. जेसन व्हेरेटला हेच नडलं. चार्जर्सने २०१४च्या ड्राफ्टमध्ये त्याला पहिल्याच फेरीत घेतलं. २०१५च्या हंगामात तो प्रो बाउलसाठी निवडला गेला. मग २०१६मध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि २०१८मध्ये साध्या फिटनेस चाचणीत टाचेमागचं अकिलीस टेंडन तुटलं. २०१९मध्ये फोर्टीनाइनर्सनी त्याला घेतलं, तेही एका वर्षाच्या करारावर. त्या हंगामात तो जेमतेम एक सामना खेळला. तरीही संघाने त्याला ठेवलं, आणि २०२०मध्ये तो तब्बल १३ सामने खेळला! २०२१च्या पहिल्याच सामन्यात मात्र गुडघा पुन्हा गेला. २०२२मध्ये सरावात अकिलीसही.