शेगडी, चूल, स्टोव्ह की डिझेल भट्टी: बिघाड ओळखा, वेळीच सावध व्हा

इंदूर : रात्री सराफ्यातली सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्यासमोर खाण्याचे ठेले लागतात. आज बहुतेक काम गॅसवर चालतं. तरी डिझेल भट्टी, बाफले भाजायला गोवऱ्या आणि थंडीत कोळशाची शेगडी अजून दिसते. ही साधनं बिघडली की बहुतेक वेळा दोष दोनच ठिकाणी असतो: इंधनात किंवा हवेत. आधी हे दोन तपासा, मग मिस्त्रीला बोलवा.

कोळशाची शेगडी

कोळसा पेटत नसेल तर तो ओला आहे का पाहा. कोरडा असेल तर जाळीत राख साचलेली असते. खालून हवा येत नाही. राख झाडा, खालचं तोंड मोकळं करा. कोळशाचा चुरा जास्त असला तरी आच दबते, म्हणून मोठे तुकडे घ्या.

चूल

धूर घरातच फिरतो? लाकूड किंवा गोवरी ओलसर असेल, नाहीतर धुराड्यात काजळी साचली असेल. चूल विझल्यावर, थंड झाल्यावर धुराडं साफ करा. पाइपचं तोंड छपरापेक्षा खाली असेल तर वारा धूर परत आत ढकलतो. पाइप थंड असताना आधी थोडा कागद किंवा काडीकचरा जाळा; पाइप तापला की धूर वर ओढला जातो.

पंपाचा स्टोव्ह

ज्योत पिवळी आणि काजळीची येत असेल तर बर्नर पुरेसा तापलेला नाही, किंवा छिद्रात कचरा आहे. पिन मारा. पंप मारूनही हवा भरत नसेल तर चामड्याचा वॉशर सुकलेला असतो. तेलाचे दोन थेंब द्या, फाटला असेल तर बदला. टाकी काठोकाठ भरू नका. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नका, आणि रॉकेलमध्ये पेट्रोल तर कधीच मिसळू नका.

डिझेल भट्टी

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. कॉक थोडा बंद करा, ब्लोअरची जाळी साफ करा. हा धूर म्हणजे न जळलेलं इंधन, म्हणजे गल्ल्यातलाच पैसा हवेत जातोय. आच मध्येच तुटत असेल तर टाकीत पाणी किंवा गाळ असतो, नाहीतर फिल्टर तुंबलेला.

लाइट गेली आणि ब्लोअर थांबला तर सगळ्यात आधी डिझेलचा कॉक बंद करा. विझलेल्या गरम भट्टीवर लगेच काडी लावू नका. आत साठलेल्या डिझेलची वाफ झालेली असते, भडका थेट तोंडावर येतो. भट्टी थंड होऊ द्या, सांडलेलं डिझेल पुसा, मगच पेटवा. डिझेल किंवा रॉकेलने पेट घेतला तर पाणी ओतू नका. पाण्यावर तरंगून ते आग पसरवतं. जवळ वाळूची बादली ठेवा.

सगळ्यात मोठा धोका दिसत नाही

आपल्याकडे जुनी सवय आहे: शेगडी अंगणात पेटवायची, धूर गेला, निखारे लाल झाले की आत घ्यायची. चूक इथेच होते. धूर गेला म्हणजे विषारी वायू गेला असं नाही. लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

म्हणून दारं-खिडक्या लावून शेगडी शेजारी ठेवून झोपू नका. वर राख टाकली तरी नाही. खोलीतल्या एकापेक्षा जास्त जणांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, मळमळलं, चक्कर आली तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून थांबू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, 108 वर फोन करा, आणि डॉक्टरांना शेगडी पेटली होती हे आवर्जून सांगा.

बाकी बिघाड दुरुस्त होतात. हा होऊच द्यायचा नाही.