टाकळ्याच्या बियांनी नायटा बरा होतो का? विज्ञान काय सांगतं?

पहिला पाऊस पडला की रत्नागिरीत रस्त्याकडेला, बांधावर टाकळा उगवतो. कोवळ्या पानांची भाजी होते आणि बिया वाटून नायट्यावर लावल्या जातात. हा घरगुती उपाय खरंच काम करतो का?

पावसाळ्यातच त्रास का वाढतो?

नायटा म्हणजेच गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी त्वचेतल्या केराटिन या प्रथिनावर जगते. दमट हवा, घाम आणि नीट न वाळलेले कपडे तिला पोषक ठरतात. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

टाकळ्यात काय आहे?

आयुर्वेदात टाकळ्याचं एक नाव 'दद्रुघ्न' आहे, म्हणजे नायटा नष्ट करणारा. १९७५ साली टाकळ्यातला मुख्य बुरशीरोधक घटक वेगळा केल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेत त्याने नायट्याला कारणीभूत असणाऱ्या ट्रायकोफायटन आणि मायक्रोस्पोरम या बुरशींची वाढ रोखली.

'गोवा पावडर'शी काय संबंध?

याच घटकाचं दुसरं नाव क्रायसारोबिन. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडापासून मिळणाऱ्या पुडीतही तो असतो. ही पूड १९व्या शतकात 'गोवा पावडर' नावाने नायट्यावर वापरली जायची. मात्र तिने त्वचेची जळजळ व्हायची, डाग पडायचे.

मग बिया लावाव्यात का?

प्रयोगशाळेत बुरशी रोखली म्हणजे औषध सिद्ध झालं, असं नाही. त्यासाठी रुग्णांवर तुलनात्मक चाचणी लागते. टी ट्री ऑइलची अशी चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांवर ५० टक्के तीव्रतेचं द्रावण लावलेल्या ६४ टक्के रुग्णांमध्ये बुरशी गेली. औषध नसलेलं द्रावण लावलेल्यांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. काहींच्या त्वचेला तेलाचा त्रासही झाला.

टाकळ्याच्या घरगुती लेपाला असा भक्कम आधार नाही. वाटलेल्या बियांत घटक किती उतरला, हेही कळत नाही.

काय करावं?

त्वचा कोरडी ठेवा, टॉवेल वेगळा वापरा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दुकानातून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. त्याने खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते. बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस औषध पूर्ण करा. टाकळ्याची भाजी मात्र खुशाल खा.