कुणीच दखल घेतली नाही

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर कधीकधी एक ओळ उमटते: 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड.' सोळा नंबरच्या तारेवरून हाक आली आणि कुणीच दखल घेतली नाही. पाठोपाठ दुसरी ओळ येते, ती तार बंद केल्याची. मग माऊस थिजतो, नाहीतर नेटवर्क जातं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सगळ्या तक्रारींत इतकी माणसासारखी तक्रार दुसरी नसेल. तिचं कूळ मात्र बरंच जुनं आहे.

सुरुवातीच्या संगणकांत प्रोसेसरलाच चौकशा कराव्या लागत. टेप वाचून झाली का? झाली का? आता तरी झाली का? या विचारण्याला पोलिंग म्हणतात. त्यात महागड्या यंत्राचा सगळा वेळ जाई. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या डायसिॲकमध्ये १९५४ साली आणि मग युनिव्हॅक ११०३ए मध्ये उलटी सोय आली: काम झालं की उपकरणानंच हाक मारायची. प्रोसेसरनं हातातल्या कामात खूण घालून ठेवायची, हाकेला ओ द्यायची आणि परत खुणेपाशी यायचं. हा इंटरप्ट.

कल्पना सोपी, पण एड्सगर डायक्स्ट्रा या प्रोग्रॅमरला तिनं घाम फोडला. हॉलंडमध्ये एक्स-१ या यंत्रात इंटरप्ट घालायचा, असं लूप्स्त्रा आणि स्खोल्टन या सहकाऱ्यांनी सुचवलं, तेव्हा तो चक्क घाबरला. तसं त्यानं स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. हाक कुठल्याही दोन आज्ञांच्या मध्ये येऊ शकते. म्हणजे चूक झाली तरी ती पुन्हा तशीच घडवून दाखवता येणार नाही. आणि जी चूक पुन्हा दाखवता येत नाही, ती शोधायची कशी? शेवटी त्या दोघांनी त्याची स्तुती करकरून त्याला राजी केलं, आणि १९५९ चा त्याचा प्रबंध याच विषयाच्या अवतीभवती उभा राहिला. ती भीती खोटी नव्हती. आजही इंटरप्टचा दोष शोधणारा माणूस तिच्याशीच झुंजत असतो.

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत हाका गोळा करायला इंटेलची ८२५९ए चिप होती, तारा ८. १९८४ च्या एटी मॉडेलात अशा दोन चिपा जोडल्या. जोडणीतच एक तार खर्ची पडली, उरल्या १५. एका तारेवर एकच बिऱ्हाड, असा कारभार. नव्वदीत ज्यांनी पीसी जुळवले त्यांना आठवेल, साउंड कार्ड आणि प्रिंटर दोघंही ७ नंबर धरून बसायचे आणि आपण चिमट्यानं जंपर हलवत बसायचो. (७ नंबरवर भुताटकीही असे. हाक मारणारा मध्येच गप्प झाला, तर ही चिप ७ चंच नाव सांगून मोकळी होई.)

१९९२ साली पीसीआय ही कार्डं जोडायची नवी पद्धत आली आणि तारेवर भाडेकरू वाढले. वाड्याला बेल एकच, घरं चार. त्यातून ही बेल एकदा वाजून थांबणारी नाही. ओ मिळेपर्यंत बटण दाबूनच धरलेलं. बेल वाजली की कर्नल एकेका ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारतो, तुझ्याकडे कुणी आलंय का? सगळेच 'नाही' म्हणाले तर बेल वाजतच राहते, प्रोसेसर दाराशी धावतच राहतो आणि यंत्र गोठतं.

२००३ च्या सुमारास, लिनक्सच्या २.५ मालिकेत, ड्रायव्हरनं 'माझं' की 'माझं नाही' हे उत्तर परत द्यायचं असा नियम झाला. तेव्हापासून कर्नल हिशेब ठेवतो: १,००,००० हाकांपैकी ९९,९०० बेवारस निघाल्या, की तार बंद. इतकी वाट पाहणं मला उदारपणाचं वाटतं. पण एखाद्या चुकार हाकेपायी सगळ्या बिऱ्हाडांची बेल तोडणं त्याहून वाईट.

त्या ओळीखाली कर्नल तारेवरच्या ड्रायव्हरांची नावं छापतो आणि नवखा माणूस त्यांच्यावरच संशय घेतो. पण ते तर 'नाही' म्हणणारे. त्यांच्यातलाही एखादा चुकीचं उत्तर देत असेल, नाही असं नाही. पुष्कळदा मात्र बेल दाबणारा यादीतच नसतो: त्याचा ड्रायव्हर लागलेला नसतो, किंवा बायोसनं, म्हणजे यंत्राच्या मूळ फर्मवेअरनं, त्याचा पत्ता दुसऱ्याच तारेवर सांगितलेला असतो.

कर्नल स्वतः 'आयआरक्यूपोल' हा पर्याय सुचवतो. तो दिला की हाकेचा धनी सापडेना तेव्हा कर्नल सगळ्याच तारांवरच्या ड्रायव्हरांना विचारतो, आणि टायमरच्या प्रत्येक ठोक्यालाही विचारत राहतो. म्हणजे पुन्हा पोलिंग! तात्पुरता इलाज म्हणून ठीक. खरा उतारा एमएसआयचा, त्यात तारच नाही. उपकरण ठरलेल्या पत्त्यावर निरोप लिहितं, त्यामुळे सामायिक बेल उरत नाही.

तेव्हा ही ओळ दिसली तर आधी 'प्रॉक'मधली 'इंटरप्ट्स' फाईल दोनदा उघडा, मध्ये दहा सेकंद जाऊ द्या, आणि कुठल्या तारेचा आकडा पळतोय, कुठला थिजलाय ते पाहा. मग बायोस अद्ययावत करा. ड्रायव्हरला शिव्या त्यानंतर.